तुला त्याचे काय?

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

जिच्याबरोबर तू नर्सिंग पूर्ण केलेस, ती मैत्रीण जर्मनीतील रुग्णालयात रुजू झाली आणि तू मात्र तालुक्याच्या गावी रात्रपाळ्या करीत आहेस, याचे शल्य तू आडपडदा न ठेवता कळवलेस, हे बरे केलेस. अशा वेळी ‘देवाने तुझ्यासाठी याहून मोठे काही राखून ठेवले असेल’ असा दिलासा देण्याची रीत आहे. मी तो देणार नाही, कारण त्याने तुलना संपत नाही, नुसती पुढे ढकलली जाते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय सावकाश वाच. तिबिर्याच्या समुद्राकाठी कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी भाजली आहे, न्याहारी उरकली आहे. ज्या शिष्य पेत्राने तीनदा प्रभूला नाकारले, त्यालाच प्रभू तीनदा प्रीतीविषयी विचारतो आणि प्रत्येक वेळी आपला कळप त्याच्या हाती सोपवतो. क्षमा मिळाली, काम मिळाले, पुढे कसे मरण येणार हेही कळले. आणि एवढे होताच पेत्र मागे वळतो, दुसरा शिष्य योहान याला पाहतो व विचारतो, याचे काय? म्हणजे तुलना केवळ उणीव असणाऱ्यालाच सुचते असे नाही, पदरात भरभरून पडल्यावरही ती सुचते. उद्या तू जर्मनीला पोहोचलीस, तरी तेथेही कोणीतरी तुझ्यापुढे असेलच.

प्रभूचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. तूच योहानापेक्षा थोर, असे तो म्हणत नाही; योहानाचे पुढे काय होणार, हेही सांगत नाही. ‘तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये,’ एवढेच. ऐकायला हे कठोर आहे, पण यात मोठी सुटका आहे: योहानाचा हिशेब ठेवणे हे पेत्राचे काम नाही आणि पेत्राचे मोल योहानाच्या वाटचालीवरून ठरत नाही.

पहिल्या शमुवेलाच्या १८ व्या अध्यायात एकाच घरातील दोघे दिसतात: राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान. स्त्रियांनी गाण्यात शौलाला हजार आणि तरुण योद्धा दाविदाला दहा हजार शत्रू मारल्याचे श्रेय दिले, तेव्हापासून शौलाची नजर दाविदावरून हटली नाही. दाविदामुळे खरे नुकसान व्हायचे होते ते राजपुत्र योनाथानाचे, कारण गादी त्याच्याकडे यायची होती. त्याने मात्र स्वतःचा झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला दिले. मन शांत होण्याची वाट पाहत तो बसला, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. त्याने हाताने काहीतरी केले.

म्हणून तूही कर. त्या मैत्रिणीसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना कर. परकी भाषा, कडाक्याची थंडी, घरापासूनचे अंतर, हे तिच्या फोटोंत दिसत नाही, पण प्रार्थनेत तुला आठवेल. तिला फोन करून विचारपूस कर. गलतीकरांस लिहिताना प्रेषित पौल प्रत्येकाने स्वतःच्याच कामाची परीक्षा करावी असे सांगतो. रात्रपाळी संपली की सोपवलेल्या रुग्णांचे काय केले, एवढेच स्वतःला विचार. रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी कवी पती ना. वा. टिळक यांच्या प्रतिभेपुढे दबून लेखणी खाली ठेवली नाही. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे ख्रिस्ताच्या जीवनावरील अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ मात्र स्वतःच्या घरगुती बोलीत लिहिली.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. परदेशी जाण्याची इच्छा धरणे पाप नाही. फक्त अर्ज करण्याआधी प्रभूसमोर बसून एक विचार कर: ती तेथे नसती, तरी मला जावेसे वाटले असते का? उत्तर ‘होय’ आले, तर जर्मन भाषेच्या वर्गाला नाव घाल आणि मला कळव. शिफारसपत्र मी आनंदाने लिहून देईन.

प्रभूमध्ये तुझी,
शुभचिंतक