एनके सेलला कोण शिकवतं?

प्रश्न: टी सेल (रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) थायमसमध्ये, म्हणजे छातीतल्या एका ग्रंथीत तयार होतात, तिथेच त्यांची निवड होते असं मी वर्गात शिकवते. परवा एका मुलाने विचारलं, मग एनके सेलला (नॅचरल किलर, म्हणजे आजारी पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) आजारी पेशी ओळखायला कोण शिकवतं? पुस्तकात त्यांना 'जन्मजात' म्हटलंय, मग शिकायचं काय?
- एक शिक्षिका, सांगली

उत्तर: मॅडम, पोरगं हुशार आहे, त्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय! 'जन्मजात' एवढ्यासाठी म्हणतात की टी सेलसारखे जीन कापून जोडून नवे रिसेप्टर (पेशीच्या अंगावरचे, समोरच्याला ओळखणारे प्रोटीन) त्या बनवत नाहीत, रिसेप्टर रेडीमेड असतात. पण आपलं कोण हे मात्र शिकावंच लागतं.

लोकलमधला टीसी आठवा, त्याच्याकडे काही चोरांचे फोटो नसतात, तो फक्त तिकीट बघतो. आपल्या बहुतेक पेशींच्या अंगावर एचएलए क्लास वन प्रोटीन असतं, हेच ते तिकीट. एनके सेलचे केआयआर रिसेप्टर ते चाचपतात, सापडलं की ब्रेक लागतो. व्हायरसने धरलेल्या किंवा कॅन्सरच्या पेशी बरेचदा टी सेलला चकवायला हेच तिकीट गायब करतात आणि नेमक्या इथे पकडल्या जातात. मग पर्फोरिन नावाच्या प्रोटीनने भोकं पाडायची, ग्रॅन्झाइम नावाचे मारक एन्झाइम आत सोडायचे, पेशी खलास. स्टॉकहोमच्या क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांवर हे दाखवलं, तिकीट नसलेल्या ट्यूमर पेशी उंदरांनी हाकलून लावल्या.

आता खरी गंमत. ज्या उंदरांच्या कुठल्याच पेशीवर नीट तिकीट नाही त्यांच्यात काय व्हावं? आपल्याला वाटणार एनके सेल सगळा डबाच रिकामा करणार, पण होतं उलटंच, त्यांची संख्या ठीक असते पण सगळ्या सुस्त, समोर विनातिकीट पेशी आणून ठेवली तरी ढिम्म. म्हणजे ज्याने आयुष्यात तिकीटच पाहिलं नाही तो टीसी ड्युटीवर झोपतो! सेंट लुईसच्या वेन योकोयामांच्या टीमने २००५ मध्ये याला लायसन्सिंग नाव दिलं, स्वतःच्या तिकिटाशी गाठ पडलेला रिसेप्टर असेल तरच ती पेशी पूर्ण जोमाने हल्ला करते. काहीजण म्हणतात लायसन्स वगैरे काही नाही, ब्रेक न लागल्यामुळे सततच्या चिथावणीने त्या मंदावतात. काहीही असो, हे शिक्षण एकदाच होत नाही, मोठी झालेली एनके सेल नॉर्मल उंदरातून काढून बिनतिकिटाच्या उंदरात टाकली की काही दिवसांत तीही सुस्तावते.

माणसात अजून एक घोळ आहे, केआयआरचे जीन १९व्या क्रोमोसोमवर आणि एचएलएचे ६व्या, म्हणजे वारसा वेगवेगळा, मग जोडी जुळेलच असं नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या रक्तात थोड्या बिनलायसन्सच्या एनके सेल असतातच. म्हणून 'एनके सेल वाढवतो' म्हणून कोणी काढा विकत असेल तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

आणि तो मुलगा आता पुढचं विचारणार, लाल रक्तपेशींवर तर हे तिकीट जवळजवळ नसतंच, मग त्या कशा वाचतात? त्याला सांगा, नुसतं तिकीट नाही म्हणून दंड होत नाही, संशय यावा असंही काहीतरी अंगावर लागतं. ताणाखालच्या पेशी मायका नावाचं प्रोटीन बाहेर काढतात, ते एनके सेलच्या एनकेजीटूडी रिसेप्टरला दिसतं आणि ॲक्सिलरेटर दाबला जातो. लाल पेशीवर अशी चिथावणी नसते.