मागची बाकी

एका वाचकांचं पत्र आलंय. नाव आणि रकमा छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून पुढचा सगळा हिशोब 'पगार' या मापात केला आहे. पत्र थोडं कापून देतो:

"घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा आहे. एक मोठं यंत्र आहे, फिरत्या ब्रशचं. विक्रेता घरी येऊन दाखवून गेला आणि दोन दिवस वापरायला ठेवून गेला. दुसरं मित्राकडचं साधं पिशवीवालं. मी ओट्यावरचा वजनकाटा घेऊन दोन्हींची परीक्षा घेतली. दर वेळी ५० ग्रॅम कचरा टाकला आणि पिशवी किंवा डबा आधी-नंतर तोलला. गालिच्यावर वाळू: साध्यानं २९ ग्रॅम उचलली, मग लगेच त्याच गालिच्यावर पुन्हा ५० ग्रॅम टाकून मोठं फिरवलं, त्यानं ४१ ग्रॅम. फरशीवर धान्याचे दाणे: साधं ४९, मोठं ४४. पीठ दोघांनी जवळजवळ सारखंच उचललं. केस मोठ्यानं सगळे उचलले, पण निम्मे ब्रशलाच गुंडाळले गेले. गालिचा एकाच खोलीत आहे, बाकी घरभर फरशी. मोठ्याची किंमत माझा एक पगार, साध्याची त्याच्या पाचवा हिस्सा. माझा कल मोठ्याकडे आहे. प्रश्न एवढाच, की ते कार्डावर घेऊ की शून्य व्याजाच्या बारा हप्त्यांवर? रोख दिले तर १० टक्के सूट आहे. विक्रेता म्हणतो, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गाद्या-सोफे साफ करून दिले तर वर्षात पैसे वसूल. कार्डावर आधीची तीन पगारांइतकी बाकी आहे (दरमहा ३ टक्के), पण किमान रक्कम आजवर एकदाही चुकवलेली नाही. चार पगारांची मुदत ठेव आहे, साडेसहा टक्क्यांची. ती अडीअडचणीसाठी, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय."

यंत्राचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. आणि खरं सांगायचं तर असा तक्ता पाठवणारा वाचक वर्षातून एखादाच भेटतो, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

तुमच्या चाचणीत एक गफलत आहे. पहिल्या यंत्रानं ५० पैकी २९ ग्रॅम वाळू काढली, म्हणजे २१ ग्रॅम गालिच्यातच राहिली. त्यावर तुम्ही आणखी ५० टाकली. मोठ्या यंत्रासमोर ५० नाही, ७१ ग्रॅम वाळू होती. त्यातली ४१ त्यानं काढली. २९ भागिले ५० म्हणजे ५८ टक्के. ४१ भागिले ७१ म्हणजे तेही ५८ टक्केच. खाली बसलेली वाळू निघायला जड असते, तेव्हा मोठ्याला थोडं झुकतं माप द्या. पण पाचपट किंमत द्यावी इतकं नाही. घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवणारे नेमकं हेच करतात. आधी तुमचं जुनं यंत्र फिरवायला लावतात, मग त्यांचं फिरवून काळ्या कापडावर राखाडी भुकटी दाखवतात. गादी आणि गालिचा कुठल्याही यंत्राला, कितव्याही फेरीला, काही ना काही देतच राहतात. क्रम उलटा करा, तुमच्या साध्या यंत्राच्या कापडावरही भुकटी येईल.

दाण्यांचं कारण उघड आहे. फिरता ब्रश गालिच्याच्या तंतूंमधली वाळू झटकून वर आणतो, तिथे त्याचा उपयोग आहे. पण गुळगुळीत फरशीवर तोच ब्रश दाणे मागे उडवतो, आणि तोंडाची पुढची कड खाली असली तर दाणे आत न जाता पुढे ढकलले जातात. तुमच्या घरात फरशीच जास्त. केस तोलण्यात अर्थ नव्हता, ते वजनाला लागतच नाहीत. ते ब्रशवरून कात्रीनं कोण कापणार, हा खरा प्रश्न. प्रयोगशाळाही वेगळं काही करत नाहीत. चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेच्या एफ६०८ या गालिच्याच्या चाचणीत ९० टक्के वाळू आणि १० टक्के टाल्कची बारीक भुकटी असं १०० ग्रॅम मिश्रण दाबून बसवतात आणि किती निघालं ते तोलतात.

वॉटच्या आकड्यावर मात्र भुलू नका. वॉट म्हणजे मोटर खाते किती, उचलते किती नव्हे. युरोपीय संघानं सप्टेंबर २०१७ पासून घरगुती यंत्रांना ९०० वॉटची कमाल मर्यादा घातली, तरी तिथली घरं धुळीत बुडाली नाहीत. सक्शनचा, म्हणजे ओढीचा, पास्कल या दाबाच्या मापातला आकडाही सहसा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना. कचरा वाहून नेते ती वाहणारी हवा. शिवाय नवं यंत्र रिकाम्या पिशवीनं नेहमीच जोरात ओढतं. युरोपातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं ऊर्जा-लेबल २०१८ साली तिथल्या न्यायालयानं रद्द केलं ते याच मुद्द्यावर: चाचणी रिकाम्या यंत्रावर घेत होते. तुमच्या वजनकाट्यालाही हे दिसलं नाही. पिठाची परीक्षा पिशवी अर्धी भरल्यावर पुन्हा घ्या, बारीक भुकटीनं छिद्रं बुजली की ओढ कशी बसते ते कळेल.

साधं यंत्र घ्या. तुम्ही विचारलंत त्यापैकी अर्ध्याचं उत्तर झालं.

हप्त्यांचं एका दमात. रोखीत ९० आणि बारा हप्त्यांत १००, याला 'शून्य व्याज' म्हणणाऱ्याला माझा दंडवत. ९० ची वस्तू घेऊन दरमहा ८.३३ असे बारा महिने फेडायचे, तर खरा दर वर्षाला सुमारे २० टक्के पडतो. व्याज आहेच, फक्त त्याला सूट न मिळणं असं नाव दिलंय. फुकटाच्या नादानं विक्रेताच बुडाल्याचं एक उदाहरण या धंद्यात गाजलेलं आहे. हूवरच्या ब्रिटिश कंपनीनं १९९२ साली १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन फुकट तिकिटं जाहीर केली. लोक तिकिटांसाठीच यंत्रं घेऊ लागले आणि कंपनीला जवळपास ५ कोटी पौंडांचा फटका बसला. त्या एका प्रसंगात काही ग्राहक खरंच जिंकले. एरवी फुकटाची किंमत आधीच लावलेली असते.

आणि गाद्या-सोफे. एखाद्या तरी ओळखीच्या माणसानं 'येऊन करून दे, पैसे देतो' असं म्हटलंय का? पत्रात तसं काही नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकही नाही आणि वसुलीचं वर्ष ठरलेलं आहे. घरगुती यंत्र व्यवसायासाठी वापरलं तर वॉरंटी बहुधा रद्द होते, हे विक्रेत्यानं सांगितलं नसणार. वॉरंटी कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांत बघा. एका गादीला दोन्ही बाजूंनी नीट अर्धा तास जातो, येणं-जाणं वेगळं. मला ही योजना ऐकून राग येतो, कारण ती यंत्र विकण्यासाठी रचलेली असते आणि ऐकणारा तिला उत्पन्न समजून खर्च मंजूर करतो.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याकडे येतो. कंसात लिहिलेल्या त्या तीन टक्क्यांकडे.

दरमहा ३ टक्के म्हणजे वर्षाला सरळ ३६, चक्रवाढीनं ४२ च्या वर. तुमची किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के आहे असं जोडलेल्या स्टेटमेंटवरून दिसतं. बाकी तीन पगार, म्हणजे या महिन्यात तुम्ही पगाराचे १५ टक्के भरणार. त्यातले ९ व्याजात गेले, मुद्दलातून सुटले ६. पुढचा महिनाही असाच. कार्ड पुन्हा एकदाही वापरलं नाही असं धरलं, तरी बाकी निम्मी व्हायला ३४ महिने लागतात. तोवर तुम्ही पावणेचार पगार भरलेले असतील आणि दीड पगार अजून देणं असेल. किमान रक्कम एकदाही चुकवली नाही याचा तुम्हाला अभिमान आहे, तो बँकेलाही असणार.

वर्षाचं गणित आणखी झोंबणारं आहे. पुढच्या बारा महिन्यांत या बाकीवर साधारण एक पगार व्याज जाईल. मोठ्या यंत्राची किंमतही एक पगार. म्हणजे एक यंत्र तुम्ही दरवर्षी घेतच आहात, फक्त ते बँकेच्या घरी राहतं.

आणि हे यंत्र त्याच कार्डावर घेतलं तर? मागची बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं. गालिच्यात जे झालं तेच. जुनी २१ ग्रॅम तशीच ठेवून वर नवी ५० टाकली, मग कुठली जुनी आणि कुठली नवी हे सांगता येत नाही.

एवढं असताना चार पगार ठेवीत निवांत पडलेत. ठेव वर्षाला पाव पगार कमावते, त्यावरचा कर वेगळा. कार्ड एक पगार खातं. 'तिला हात लावायचा नाही' या निश्चयासाठी तुम्ही दरवर्षी पाऊण पगार मोजताय. अडचणीसाठी पैसा बाजूला ठेवावा हे मीच याच सदरात ओरडून सांगत असतो, त्यामुळे पत्र वाचून थोडं अपराधीही वाटलं. पण अडचण येईल तेव्हा ठेव मोडू असं म्हणताना ती येऊन बसली आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. महिन्याला तीन टक्के खाणारं देणं हीच अडचण.

ठेव मोडा. तीन पगार कार्डात भरा, एक पगार अडचणीसाठी राहू द्या. मुदतीआधी मोडल्याचा दंड ठेवीच्या व्याजातून कापतात. समजा वर्षभराचं सगळंच व्याज गेलं, तरी ते कार्डाच्या तीन महिन्यांच्या व्याजाहून कमी आहे. ठेवीची पावती एकच असेल तर तिचा तेवढाच भाग मोडता येतो का ते विचारा, नाहीतर पूर्ण मोडून उरलेल्याची नवी करा. कार्डात भरताना स्टेटमेंटवरचा जुना आकडा भरू नका, त्या दिवशीची पूर्ण बाकी विचारून भरा. एवढं करूनही पुढच्या स्टेटमेंटमध्ये किरकोळ व्याज दिसेल. ते मधल्या दिवसांचं असतं. बँकेनं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, पण ते भरायचंही विसरू नका, नाहीतर त्या चिल्लरीपायी बिनव्याजी दिवस पुन्हा जातील.

एका पगाराचा निधी तुटपुंजा आहे हे मान्य. म्हणून आज जे १५ टक्के दरमहा कार्डाला जातात, ते त्याच तारखेला आपोआप ठेवीत वळते करा. वीस महिन्यांत तीन पगार परत जमतात. त्या वीस महिन्यांत कार्ड कपाटात. फेकू नका, अगदीच जिवावर बेतलं तर लागेल.

साधं यंत्र रोखीनं घ्या. दीड महिना ठेव भरणं पुढे ढकललंत की त्याची किंमत निघते. आणि गालिच्याची चाचणी पुन्हा घेणार असाल तर मधे गालिचा बाहेर नेऊन चांगला झटका, मोठं यंत्र पहिलं फिरवा, साधं नंतर. दोन दिवसांची मुदत संपण्याआधी. नाहीतर विक्रेता दारात उभा राहील आणि तुम्ही तक्ता भरत बसाल.