ग्रंथपाल मुलीला पुढे वाट आहे का?

सातपूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते स्वतः कारखान्यात नोकरीला आहेत. मुलगी चोवीस वर्षांची. मराठी घेऊन बी.ए. झाली, मग मुक्त विद्यापीठातून बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी केली. सध्या नाशिकमधल्या एका विनाअनुदानित शाळेत ग्रंथपाल आहे. पगार तुटपुंजा. कुणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला तिला पाठवतात, फी भरायच्या दिवसांत काउंटरवर बसवतात. स्नेहसंमेलनात सगळ्या शिक्षकांचा सत्कार झाला, तिचं नाव कुणी घेतलं नाही. तरी ती काम सोडायला तयार नाही, पुढचं एम.लिब. (त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणते. वडील विचारतात, "या कामात बढती असते का? की तिनं बी.एड. करून शिक्षिका व्हावं? एक नातेवाईक म्हणतात, तालुक्याच्या एका संस्थेत काही लाख भरले तर ग्रंथपालाची जागा मिळेल, अनुदान आलं की पगार सुरू होईल. आम्ही कर्ज काढायच्या विचारात आहोत. काय करावं?"

स.न.वि.वि.

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. कर्ज काढू नका. एक रुपयासुद्धा देऊ नका.

अनुदानित शाळेत ग्रंथपालाची नेमणूक संस्थाचालकाच्या शब्दावर होत नाही. आधी संच मान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून सरकार शाळेला जी पदं ठरवून देतं त्यांत, ते पद मंजूर असावं लागतं. आरक्षणाच्या बिंदुनामावलीप्रमाणे जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरतं, रीतसर जाहिरात आणि मुलाखत होते, मग शिक्षणाधिकारी वैयक्तिक मान्यता देतात आणि त्यानंतर शालार्थ या सरकारी वेतन-प्रणालीत नाव चढून पगार निघतो. यातली एक कडी तुटली तरी माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी राबतो आणि ज्याला पैसे दिले तो "फाइल वर गेलीय" एवढंच सांगत राहतो. अशी घरं मी पाहिली आहेत. त्यात पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे तिशीच्या आतली ती वर्षं गेली, ज्यांत मुलांनी दुसरी परीक्षा दिली असती. नातेवाइकांना शांतपणे विचारा: संच मान्यतेत पद आहे का, त्याची प्रत दाखवाल का? बहुधा विषय तिथेच संपेल. आणि पद खरोखर मंजूर असेल, तर जाहिरात येईल तेव्हा तिनं अर्ज करावा. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आता बढतीचं. शाळेत ग्रंथपाल एकटा असतो, त्यामुळे त्याला चढायला पायरीच नसते, हे तुम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं. शिक्षक ज्येष्ठतेनं पर्यवेक्षक होतो, पुढे मुख्याध्यापक होतो. ग्रंथपालाचं नाव त्या ज्येष्ठता यादीत नसतं. अनुदानित माध्यमिक शाळांत तो शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोडतो. पदही पटसंख्येवर ठरतं, लहान शाळेला अर्धवेळ आणि मोठ्या शाळेला पूर्णवेळ. अर्धवेळचे पूर्णवेळ होण्याची वाट पाहण्यात कित्येकांची उमेद सरली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी करिअरच्या वाटा आणि सततचं प्रशिक्षण असावं, असं लिहिलेलं आहे. ते अजून शाळांपर्यंत झिरपलेलं नाही.

पण ती शाळा म्हणजे तो व्यवसाय नव्हे. तिच्या शाळेत बढती नाही, तिच्या व्यवसायात आहे. फक्त ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर नसते, दुसऱ्या गावात असते. हे एकदा लक्षात आलं की पुढचं नियोजन सोपं होतं.

पहिली वाट केंद्राच्या शाळांची. केंद्रीय विद्यालयात ग्रंथपालाला लेव्हल ७ची वेतनश्रेणी आहे, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये. पदवीधर शिक्षकांची श्रेणीही तीच. नवोदय विद्यालयात तर ग्रंथपाल हा संगीत, कला आणि क्रीडा शिक्षकांबरोबर शिक्षकांच्याच वर्गात धरला जातो. पात्रता तिच्याकडे आजच आहे: ग्रंथालयशास्त्राची पदवी. बी.एड. लागत नाही. केंद्रीय विद्यालयासाठी वयोमर्यादा ३५ आहे, राखीव प्रवर्गांना सवलत असते. तुमच्या जिल्ह्यात देवळाली, नाशिकरोड, ओझर इथे केंद्रीय विद्यालयं आहेत, दिंडोरी तालुक्यात खेडगावला नवोदय आहे. अर्थात नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, घरातून तेवढी मोकळीक तिला द्यावी लागेल. आदिवासी भागातल्या एकलव्य निवासी शाळांतही ग्रंथपालाचं पद असतं. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या भरतीतही ग्रंथपाल आणि सहायक ग्रंथपाल ही पदं आलेली आहेत, आणि त्या विभागाचं आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे. या जागा दरवर्षी निघत नाहीत, निघाल्या की गर्दी होते. म्हणून हिंदी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि विषय यांचा अभ्यास जाहिरातीच्या आधीच सुरू असावा लागतो. तिनं रोज दीड तास याला द्यावा.

दुसरी वाट महाविद्यालयाची, आणि माझ्या मते एम.लिब. करायचं ते याच वाटेसाठी. महाविद्यालयीन ग्रंथपालाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचीच, लेव्हल १०ची श्रेणी मिळते: मूळ वेतन ५७,७००. पुढे श्रेणीवाढीचे टप्पेही आहेत. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. या ५५ टक्क्यांकडे मुलं दुर्लक्ष करतात. नोकरी सांभाळून "कसंबसं पास झालो" म्हणतात आणि ५३ टक्क्यांवर दार बंद होतं. (राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे.) मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय तुमच्या घरापासून फार लांब नाही, तिथे एम.लिब. नोकरी करत करता येतं. पण घरबसल्या शिकायचं म्हणजे अभ्यासाची शिस्त आपली आपण लावायची, तेव्हा एम.लिब. आणि नेटचा अभ्यास तिनं एकत्रच करावा. वर्गीकरण, तालिकीकरण, माहिती-प्रणाली हे विषय दोन्हीकडे तेच. नेटचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखा, पन्नास प्रश्नांचा असतो. आपल्याकडची मुलं तिथेच मागे पडतात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी.

खाजगी आंतरराष्ट्रीय शाळा ही तिसरी वाट. तिथे ग्रंथपालाला खरंच काम असतं, प्रकल्पांत शिक्षकांच्या बरोबरीनं घेतात. पण अस्खलित बोलतं इंग्रजी हवं. आज नसेल तर दोन वर्षांत कमावता येईल, असं धरून चाला. जिल्हा ग्रंथालय अधिकारी वगैरे सरकारी पदंही आहेत, पण जागा थोड्या, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

बी.एड.बद्दल. तिला शिकवायचं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण तुमच्या पत्रावरून तिला ते करायचं आहे असं दिसत नाही. "निदान शिक्षिका तरी म्हणतील" या एका कारणासाठी दोन वर्षं आणि फी घालू नये. पुढे टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पोर्टलवरची प्रतीक्षा. ती रांगही काही छोटी नाही.

आता मानाविषयी, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त दुखावलेलं तेच दिसलं. सत्काराच्या वेळी मुलीचं नाव राहिलं, हे बापाला लागणारच. त्यावर तुम्ही शाळेत जाऊन बोलू नका. ते काम तिचं आहे, आणि ते तक्रारीनं होणार नाही.

शाळेत ग्रंथपालाचं काम दिसत नाही, कारण ते नोंदवहीत अडकलेलं असतं. दाखल क्रमांक, देवघेव, पडताळणी, फाटक्या पुस्तकांचं निर्लेखन (ती नोंदीतून कमी करणं) हे सगळं तिनं चोख ठेवलं तरी मुख्याध्यापकांना कळतं ते फक्त पुस्तक हरवल्यावर. तिनं महिनाअखेरीला एक पान त्यांच्या टेबलावर ठेवायला सुरुवात करावी. कोणत्या वर्गात किती पुस्तकं गेली, आधी कधीच पुस्तक न नेलेल्या किती मुलांनी या महिन्यात पहिलं पुस्तक नेलं, कोणत्या शिक्षकांनी काय मागितलं, काय देता आलं नाही. शेवटचा रकाना महत्त्वाचा. खरेदीच्या वेळी पैसे त्याच्यावरून मागता येतात. सहा महिने सलग असं पान गेलं की शिक्षकांच्या बैठकीत तिला बोलावणं येण्याची शक्यता बरीच वाढते.

तासिका मागावी. सगळ्या शाळेची एकदम नको, पाचवी ते सातवीची आठवड्याला एक, तीही लेखी प्रस्ताव देऊन. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास छापून आला की तिची जागा शिक्षकांच्या शेजारी लागते. तोवर ऑफ तास टाळता येत नसतील तर रिकाम्या हातानं वर्गात जाऊ नये. पंचवीस-तीस पुस्तकांची एक पेटी घेऊन जावं, पहिली दहा मिनिटं एखादी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवावी आणि उरलेल्या वेळात पेटी मुलांसमोर उघडावी. हे ऑफ तास हीच तिची पहिली तासिका होईल. फी-काउंटरचं मात्र मला पटत नाही. त्या दिवसांत ग्रंथालयाला कुलूप असतं, हे तिनं महिनाअखेरच्या त्या पानावर तारखांसह साधेपणानं लिहावं.

शिक्षकांशी तिनं स्वतःहून जोडून घ्यावं. सातवीला शिवकाल सुरू होणार असेल तर आदल्या आठवड्यात गडकिल्ल्यांवरची आठ-दहा पुस्तकं त्या वर्गात पोचलेली असावीत. ग्रंथालयात एक नाशिक कोपरा उभा करावा. काळाराम मंदिराचा १९३०चा सत्याग्रह, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके, गोदावरीचे पूर, पांडवलेणी, लासलगावचा कांदा बाजार, द्राक्षबागा. पुस्तकं, कात्रणं, नकाशे, मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहून आणलेल्या आठवणी. प्रकल्पाच्या दिवसांत शिक्षकच तिथे येतील. याला फार पैसे लागत नाहीत. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला ठेवले आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत मिळतात, आणि खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर सगळ्यांना खुलं आहे.

आणखी एक काम असं आहे, जे शाळेलाही हवं असतं आणि तिच्या पुढच्या मुलाखतीतही उपयोगी पडेल: संगणकीकरण. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय आहे. शाळेत फक्त जुना संगणक असला तरी आधी एक्सेलमध्ये नीट नोंदी करून ठेवाव्यात, त्या नंतर कोहात चढवता येतात. "मी शाळेचं अख्खं ग्रंथालय एकटीनं संगणकावर आणलं" हे वाक्य कोणत्याही प्रमाणपत्राइतकं वजनदार आहे.

पुरस्कारांकडे डोळे लावू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या नावानं राज्य शासन जो ग्रंथमित्र पुरस्कार देतं, तो सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कार्यकर्त्यांसाठी आणि सेवकांसाठी आहे. शालेय ग्रंथपालांच्या वाट्याला असे मान फार थोडे येतात, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. तोवर तिनं आपल्यासारख्यांची सोबत शोधावी. जिल्ह्यातल्या पाच-सहा शालेय ग्रंथपालांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या शाळेत भेटावं, काय चाललं, काय फसलं ते बोलावं. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा मुलांच्या ग्रंथालयांसाठीचा अभ्यासक्रम आहे, तो तिनं जरूर पाहावा. बी.लिब.मध्ये वर्गीकरण शिकवतात, पण न वाचणाऱ्या मुलासमोर पुस्तक कसं ठेवायचं ते शिकवत नाहीत.

तुम्ही नाशिकचे आहात, म्हणून एक सांगतो. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, मुंबई विद्यापीठाहूनही जुनं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या याच शहरातून निघून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. तुमच्या मुलीचं काम या शहराला परकं नाही. एखाद्या रविवारी तिच्याबरोबर वाचनालयात जा, तिथल्या कर्मचाऱ्यांशी तिला बोलू द्या.

माझा सल्ला असा: तिला दोन वर्षं द्या. या दोन वर्षांत एम.लिब. ५५ टक्क्यांच्या वर, नेट किंवा सेटचे किमान दोन प्रयत्न आणि केंद्रीय शाळांची जी जाहिरात येईल तिला अर्ज. दरम्यान चांगल्या पगाराची दुसरी शाळा मिळाली तर बदलू द्या, एकाच ठिकाणी राहण्याची सक्ती नको. कर्जासाठी जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, त्यातला थोडा भाग तिच्या फीला आणि पुस्तकांना लावलात तरी पुरेल.

या आठवड्यात तिनं दोन गोष्टी कराव्यात. बी.लिब.ची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र हातात आहे ना ते पाहावं, नसेल तर विद्यापीठात अर्ज टाकावा. आणि शाळेकडून नेमणूकपत्राची प्रत मागून घ्यावी. त्यावर पद "ग्रंथपाल" असं लिहिलेलं आहे का, ते नीट वाचावं. काही शाळा "कार्यालयीन सहायक" असं लिहून देतात आणि मग अनुभवाची ती वर्षं पुढच्या अर्जात धरली जात नाहीत. तसं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्यावा, शाळा सोडताना नव्हे, आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.