नोकरीवर प्रेम असायलाच हवं का?

ऐरोलीत इंटरव्ह्यूला ‘तुमची पॅशन काय?’ असं विचारलं आणि तुम्हाला काही सुचलं नाही, तर तुम्ही नोकरीला नालायक ठरता का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. चोख काम करायला कामावर जीव जडलेला असावा लागत नाही.

मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला, म्हणजे तयार माल तपासायच्या खात्यात आहे. आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एक ऑपरेटर आहेत, दिघ्याहून येतात. कामाबद्दल विचारलं तर ‘पगार वेळेवर होतो, बस’ एवढंच बोलतील. शिफ्ट सुटली की गेटबाहेर. पण मशीनवरून उतरलेला जॉब (म्हणजे घडवलेला भाग) ते लगेच मोजत नाहीत. पुसून बाजूला ठेवतात, गार होऊ देतात, मग मायक्रोमीटर हे बारीक माप घ्यायचं साधन लावतात. ५० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा जॉब २० अंशांनी जास्त गरम असला तर ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठा भरतो. गरम असताना बरोबर आलेलं माप गार झाल्यावर खाली उतरतं, आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरकच १० मायक्रॉनचा असेल तर माल भंगारात. त्यांच्या मशीनचं रिजेक्शन सगळ्यात कमी असतं. उत्साहाने फसफसणारी पोरंही पाहिलीत. नव्या मशीनवर रात्री थांबायला एका पायावर तयार, पण फर्स्ट पीसचा, म्हणजे पहिल्या नगाच्या तपासणीचा रिपोर्ट भरायचा म्हटलं की कंटाळा.

मला खरं खटकतं ते वेगळंच. पॅशनचा आग्रह जिथे फार, तिथे वेळेवर निघणाऱ्याकडे तिरकं बघतात. जादा तासांना दुप्पट दराने पैसे, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच आलं. ‘आपण सगळे एक फॅमिली’ म्हटलं की तेच काम फुकटात उरकतं. (ऑफिसांत तर ओव्हरटाइमचं नाव काढायची चोरी!)

नर्सिंग, शिकवणं अशा कामांत समोरच्या माणसाबद्दल आस्था लागतेच, ते मान्य. आणि कामाचा तिटकाराच असेल तर मात्र बदला. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत रोज चेंगरत यायचं आणि वर तिटकारा, हे फार दिवस निभत नाही.

पुढच्या वेळी पॅशन विचारली तर तुम्हाला काय नीट जमतं, एखाद्या चुकीचा छडा कसा लावलात, ते सांगा. तुमची पाळी आली की विचारा, शनिवारी यावं लागतं का, जादा थांबलं तर काय देता. ‘आमच्याकडे कुणी तास मोजत नाही’ असं हसत म्हणाले, तर घणसोलीत, महापेत कंपन्या बऱ्याच आहेत.