एकाकी, तुटलेल्या निवेदकांच्या कादंबऱ्या वाचून मन खचतं. वाचणं बंद करू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जगापासून तुटलेल्या, स्वतःशीच बोलत बसणाऱ्या निवेदकांच्या कादंबऱ्या तुम्हाला ओढून घेतात. त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द पटतं आणि पुस्तक संपल्यावर कितीतरी दिवस आजूबाजूची माणसं ढोंगी वाटत राहतात. जवळचे म्हणतात, असलं वाचू नकोस. तर बंद करावं का?

माझं उत्तर नाही असं आहे. फक्त ते ‘शब्दन् शब्द पटतं’ मला खटकलं. या कादंबऱ्यांतला ‘मी’ भलता हुशार असतो, नेमकं बोलतो आणि दोनशे पानं दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नाही. अशा माणसाचं सलग ऐकत राहिलं की त्याची बाजू कधी आपली झाली ते कळतही नाही. पण त्याला बोलतं करणारा लेखक त्याच्या बाजूने असेलच असं नाही. बरेचदा लेखक त्याच्या पाठीमागे उभा राहून आपल्याला खुणा करत असतो. त्या खुणा हेरत वाचलं तर ही पुस्तकं इतकी अंगावर येत नाहीत, आणि खरं तर जास्त कळतात.

दोस्तोव्हस्कीचं ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ (1864) घ्या. या जमातीचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. सुरुवातीच्याच तळटीपेत लेखक स्वतःच्या नावाने सांगून टाकतो, की ही टिपणं आणि ती लिहिणारा, दोन्ही काल्पनिक आहेत. मात्र अशी माणसं आपल्या समाजात असणारच. त्यानंतर चाळिशीतला हा निवृत्त कारकून प्रगती, विवेक, ‘दोन दुणे चार’ या सगळ्यावर असा तुटून पडतो की वाचता वाचता आपण माना डोलावायला लागतो. पुष्कळांच्या लक्षात तेवढंच राहतं. दुसऱ्या भागात तो चोवीस वर्षांचा असतानाच्या हकिकती आहेत आणि तिथे खरी मजा आहे. एका अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलाशी याला खांद्याला धरून, एक शब्द न बोलता, वाटेतून बाजूला केलेलं असतं. त्या अपमानाचा सूड घ्यायचे बेत हा वर्षानुवर्षं रचतो. बेत काय, तर पीटर्सबर्गच्या नेव्हस्की रस्त्यावर तो समोरून आला की आपण बाजूला व्हायचं नाही, खांद्याला खांदा लागू द्यायचा! त्या क्षणी आपण बरोबरीचे दिसलो पाहिजे म्हणून कोटाला चांगली फरची कॉलर हवी, म्हणून पगाराची उचल, वर साहेबाकडून उसने पैसे. अखेर खांदा लागतो. अधिकारी वळूनसुद्धा बघत नाही. हा मात्र विजयी मुद्रेने घरी जातो. मला हा भाग वाचताना मोठ्याने हसू येतं, आणि ते यावं म्हणूनच तो लिहिलेला आहे.

मग लिझा येते. वेश्यागृहातल्या या मुलीला तो तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल लांबलचक, पुस्तकी भाषण ऐकवतो. ती हेलावते आणि त्याच्यावर विसंबून काही दिवसांनी त्याच्या घरी येते. घरची दैना तिला दिसली या संतापाने तो तिला वाट्टेल ते बोलतो. ती निघते तेव्हा तिच्या मुठीत पैसे कोंबतो. ती गेल्यावर त्याला टेबलावर पाच रुबलांची चुरगळलेली नोट दिसते. तीच, त्याने दिलेली. निवेदक त्यानंतरही बोलतच राहतो, स्पष्टीकरणं देतच राहतो, पण त्या नोटेने कादंबरी त्याच्या हातातून काढून लिझाला दिलेली असते. पहिल्या भागातली चमकदार वाक्यं अधोरेखित करून जो थांबला त्याला हे पुस्तक भेटलेलंच नाही. पहिला भाग जड जात असेल तर खुशाल दुसऱ्यापासून सुरुवात करा. जाणकार रागावतील, रागावू द्यात.

दुसरी खूण म्हणजे निवेदक कशाभोवती घिरट्या घालतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (1963) पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. कॉलेज, वसतिगृह, मित्र, वडील, सगळ्यांची थट्टा करत तो चाललेला असतो. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ पेरून प्रत्येक गंभीर गोष्टीतली हवा काढून घेतो. आणि मध्येच धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तिथे थट्टेचं चिलखत गळून पडतं आणि आतला माणूस उघडा पडतो. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधल्या (1951) होल्डनलाही सगळं जग बनावट वाटतं, आणि त्याचाही भाऊ अ‍ॅली ल्युकेमियाने गेलेला आहे. तो गेला त्या रात्री होल्डनने मुठीने गॅरेजच्या काचा फोडल्या होत्या. हे तो मोजक्या वाक्यांत सांगतो आणि लगेच पुढे सरकतो. दोन्ही पुस्तकं तारुण्यात वाचणारे या पोरांचा तुच्छतावाद उचलतात आणि मनीला, अ‍ॅलीला विसरतात. तुम्हाला माणसं ढोंगी वाटायला लागतात तेव्हा बहुधा हेच होत असावं: त्याची चीड तुम्ही घेतली आणि त्याचं दुःख पुस्तकातच राहिलं.

अर्थात ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. कामूच्या ‘द स्ट्रेंजर’ची (1942) सुरुवात आईच्या मरणाने होते, पण मर्सो या निवेदकाच्या कोरडेपणाखाली दडवलेला शोक शोधत बसलात तर हाताला फारसं काही लागणार नाही. तिथे वेगळा प्रश्न विचारावा लागतो: या माणसाला कोण दिसतच नाही? समुद्रकिनाऱ्यावर तो ज्याला गोळ्या घालतो त्याला पुस्तकभर नाव नाही, तो नुसता ‘अरब’ आहे. ऊन, घाम, समुद्राची चकाकी यांचं वर्णन मात्र भरपूर. अल्जीरियन लेखक कामेल दाऊद यांनी 2013 मध्ये मारल्या गेलेल्याच्या भावाच्या तोंडून अख्खी कादंबरी लिहिली आणि त्या मृताला मुसा हे नाव दिलं. ती वाचून ‘द स्ट्रेंजर’कडे परत गेलं की मर्सोचा तो प्रसिद्ध प्रामाणिकपणा पूर्वीइतका सरळ वाटत नाही.

निवेदक कुठून आणि कधी बोलतोय, हेही पाहावं. सिल्विया प्लाथच्या ‘द बेल जार’मध्ये (1963) एस्थर आपल्या कोसळण्याची, आत्महत्येच्या प्रयत्नाची कथा सांगते. पण पहिल्याच प्रकरणात, एका जुन्या भेटवस्तूबद्दल बोलताना, सहज येऊन जातं की त्यातला प्लॅस्टिकचा तारामासा आता तिने बाळाला खेळायला दिलाय. म्हणजे सांगणारी त्यातून बाहेर आलेली आहे. एका वाक्यात येऊन जाणारी गोष्ट, पण ती पकडली तर पुढचं सगळं वेगळ्या उजेडात वाचलं जातं. जपानी लेखक दझाईच्या ‘नो लाँगर ह्युमन’मध्ये (1948) योझोच्या तीन वह्या आहेत आणि त्यांच्या आगेमागे दुसऱ्याच एका माणसाचं निवेदन. वह्यांमध्ये योझो स्वतःला माणूस म्हणायलाही नालायक ठरवतो, आणि शेवटी त्याला ओळखणारी बारवाली बाई म्हणते, तो फार चांगला होता, देवदूतासारखा. आता कुणाचं खरं? माझं मत, दोघांचंही पूर्ण नाही. पण योझोच्या वह्या म्हणजेच कादंबरी असं धरून जे शेवटची पानं भराभर उलटतात, त्यांच्यापर्यंत ही उलटसाक्ष पोचतच नाही.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्लाथ आणि दझाई या दोघांनीही ही पुस्तकं आली त्याच वर्षी आत्महत्या केली. त्यामुळे ‘लेखक वेगळा, निवेदक वेगळा’ हे मी कितीही सांगितलं तरी वाचणाऱ्याच्या मनावर त्याची सावली पडतेच. असल्या पुस्तकांच्या परिणामाची भीतीही जुनीच आहे. जर्मन लेखक गटेचा ‘वेर्थर’, म्हणजे प्रेमात निराश होऊन आत्महत्या करणाऱ्या तरुणाची कादंबरी, 1774 साली आला, तरुण त्याच्यासारखे कपडे घालून फिरायला लागले, लाइपझिगमध्ये पुस्तकावर बंदी आली. पुढच्या आवृत्तीत गटेने वेर्थरच्या तोंडून वाचकाला बजावणाऱ्या ओळी घातल्या, की पुरुषासारखा वाग, माझ्या मागून येऊ नकोस. स्वतः गटे त्यानंतर सत्तावन्न वर्षं जगला.

म्हणून तुमच्याबद्दल एक सरळ विचारतो. पुस्तकानंतरची उदासी चार दिवसांत ओसरते, की पुस्तक नसतानाही ती असतेच? झोप, भूक, कामात लक्ष लागणं यांवर परिणाम झाला असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर पुस्तकं बाजूला ठेवा आणि आजच विश्वासाच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला. ते काम कादंबरीचं नाही आणि ‘कोरा’सारख्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या उत्तराचंही नाही.

तसं नसेल तर वाचत राहा. मी स्वतः अशी दोन पुस्तकं पाठोपाठ घेत नाही. मध्ये प्रवासवर्णन, इतिहास, काहीही ज्यात पुष्कळ माणसं बोलतात. आणि या कादंबऱ्यांतली वाक्यं वेगळी काढून मिरवायची सवय असेल तर ती सोडा. ‘दुसरी माणसं म्हणजेच नरक’ हे सार्त्रच्या नावाने फिरणारं वाक्य त्याच्या 1944 सालच्या नाटकात गार्सँ नावाचं पात्र बोलतं. हा गार्सँ युद्धाच्या वेळी पळालेला आहे आणि बरोबरच्यांनी आपल्याला भित्रा म्हणू नये म्हणून त्याची धडपड चाललेली आहे. कोण बोलतंय हे कळलं की ते वाक्य भिंतीवर लावावंसं वाटत नाही.

पुढचं काय वाचू, हेही तुम्ही विचारलंय. दझाई सध्या राहू द्या. क्नुट हामसूनची ‘हंगर’ (1890) घ्या. क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, एक लेखक उपाशी भटकतोय आणि भुकेने त्याचं डोकं भिरभिरतंय. स्वतःला घास नसताना तो अंगातलं जाकीट गहाण टाकून एका भिकाऱ्याला पैसे देतो. थोड्या वेळाने आठवतं की पेन्सिलीचा तुकडा जाकिटाच्या खिशातच राहिला. मग सावकाराकडे परत जातो आणि त्याला अगदी गंभीरपणे पटवून देतो की तो तुकडा साधासुधा नव्हे, त्याने आपण तीन खंडांचा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिलेला आहे.