हृदयतज्ज्ञांना विचारा : जाडी रक्तातच असेल तर?

प्रश्न : वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. मेटोप्रोलोल (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी) चालू आहे. वडिलांना ४९व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. आमच्या घराण्यात सगळेच अंगानं भरलेले. पस्तिशीपर्यंत मी तालमीत जायचो, तेव्हा ६८ किलो होतो. जाडी रक्तातच असेल तर पथ्याचा काय उपयोग? जनुकांची तपासणी करू का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : त्या तपासणीचे पैसे सध्या वाचवा. तालमीत होता तेव्हाही तुमची जनुकं हीच होती.

घराण्याचा वाटा खोटा नाही. वजनाशी जोडलेली शेकडो जनुकीय स्थानं सापडली आहेत. त्यांतलं एफटीओ हे जनुक २००७ साली कळलं. आई आणि वडील दोघांकडून त्याचा जोखमीचा प्रकार आला, तर वजन सरासरी ३ किलोंनी जास्त भरतं. तुमचे वाढले १६. हे जनुक मुख्यतः भुकेवर काम करतं, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. मात्र आहार-व्यायामानं अशा माणसांचं वजन इतरांइतकंच उतरतं, हे चाचण्यांत दिसलं आहे. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनीही किलोभर वाढ होऊ शकते. पण तेवढ्यासाठी गोळी मनानं बंद करू नका; अचानक सोडली तर छातीत दुखणं उसळतं, अटॅकही येऊ शकतो.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २९.८ आहे. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटात साठते. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी.

पैसे खर्चायचेच तर रक्तातलं लायपोप्रोटीन ‘लिटल ए’ (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, धमन्यांना घातक कण) तपासा. ते बहुतांशी जन्मजात असतं, पथ्यानं फारसं हलत नाही. आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. डेसिलिटरमागे ५० मिलीग्रॅमच्या वर निघालं तर डॉक्टर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणखी खाली ठेवतील. स्टॅटिन सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट शोधा. त्यात एलडीएल १९० किंवा वर असेल, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा संशय घ्यावा आणि भावंडांचं, मुलांचंही तपासावं, मग ती सडपातळ का असेनात. जाडीसाठी जनुक-तपासणीला अर्थ असतो तो पाच वर्षांच्या आत अफाट वजन आणि न शमणारी भूक असलेल्या मुलांत.

आता ताटाकडे. तालीम सुटली, खुराक सुटला नाही, हे कोल्हापुरात नेहमीचंच. दूध कट्ट्यावरच्या पाव लिटर म्हशीच्या दुधात सुमारे १६ ग्रॅम स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात निम्म्याहून कमी. तांबड्या रश्शावरचा तेलाचा कट बाजूला काढा. पांढरा रस्सा सौम्य लागतो, म्हणून लोक त्याच्या वाट्यावर वाट्या रिचवतात. नारळाच्या दुधाचं संपृक्त स्निग्ध त्यातच असतं. एक वाटी, तीही रविवारी. मिसळीत फरसाणाऐवजी मटकी वाढवून घ्या. भूक उशिरा शमणाऱ्यानं आधी उसळ, काकडी खावी, भाकरी नंतर.

पहिलं लक्ष्य सहा महिन्यांत ४ किलो. डॉक्टरांची परवानगी असेल तर रंकाळ्यावर आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं चाला. छातीत दाटलं तर लगेच थांबा. आणि तीन दिवसांत २ किलो वाढून पाय सुजले, धाप लागली, तर ती चरबी नसून अंगात साठलेलं पाणी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.