डोळ्यासारखा बघणारा कॅमेरा

प्रश्न : आमच्या कलमांच्या बागेतला सीसीटीव्ही रात्रभर रिकामी बागच रेकॉर्ड करतो नि कार्ड भरतं. डोळ्यासारखा बघणारा कॅमेरा असतो म्हणे? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : असतो हो, इव्हेंट कॅमेरा. आपल्या डोळ्याचा पडदा बदल काय झाला त्यावर जास्त भर देतो, तेच बघून मिशा महोवाल्ड नि कार्व्हर मीड या संशोधकांनी सिलिकॉनच्या चिपवर तसाच पडदा, म्हणजे रेटिना, केला, १९९१ मध्ये त्यावर लिहिलंही. यात एकेक पिक्सेल, म्हणजे उजेड टिपणारा बारीक ठिपका, आपापला, उजेड कमीजास्त झाला तरच बोलतो, नाहीतर गप्प, म्हणजे फांदीवरनं वांदराने उडी मारली की तेवढीच उमटते. पण वाऱ्याने पानं हलली तर तीही उमटणार, आणि चोर खोडाशी अगदी निश्चल उभा राहिला तर दिसायचाच नाही, म्हणून साधा कॅमेरा अजिबात काढू नका.